तुझ्यापाशी अख्खा दिवस हवा

प्रिय लोणार सरोवरा,

समृद्धी महामार्ग झाला आणि तू कितीतरी लोकांच्या वाटेवर आलंस. मेहकरला उतरायचं, तुझ्या काठावर फोटो काढायचे आणि उजेड आहे तोवर पुन्हा गाडीत बसायचं, अशा सहली आता सर्रास निघतात. तेवढ्यानं लोणार पाहून झालं असं कुणी म्हणालं की जीव तुटतो.

सकाळी आधी गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर पाहावं. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं हे देऊळ. त्याच्या छतावरच्या कोरीवकामासाठी मान दुखेपर्यंत वर बघत राहावं. मग बारमाही वाहणाऱ्या गोमुखाच्या धारेपाशी यावं आणि तिथून पायी उतरावं. झाडी दाट होत जाते, मोर ओरडतात, आणि खाली कमळजा देवीच्या देवळापर्यंत जाताना पाण्याचा उग्र वास येऊ लागतो. जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचं हे विवर आपण पायांनी मोजतो, तेव्हा कुठे तुला घडवणाऱ्या आघाताचा अंदाज येतो. ज्वालामुखीचं तोंड की उल्केचा घाव, हा तुझ्याबद्दलचा वाद फार जुना. १९७३ साली इथल्या काचरूप झालेल्या खनिजांनी उल्केच्या बाजूनं साक्ष दिली. बेसाल्टमधलं असं विवर पृथ्वीवर दुर्मीळ, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारेही तुझ्याकडे येतात.

पण उतरणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक हवीच: तुझ्यात आलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. ते उन्हानं उडतं, क्षार मागे राहतात. म्हणून तू इतकं खारं. २०२० च्या जूनमध्ये पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तुला गुलाबी केलं. त्याच वर्षी तू रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झालंस. धारेवर चोळलेला साबण, ओढ्यातून येणारं सांडपाणी, उतारावर टाकलेली पिशवी, हे सगळं अखेर तुझ्याच पोटात येतं आणि तिथेच राहतं.

हिवाळ्यात शाळांच्या सहली येतील. गुरुजींनी मुलांना काठावर रांगेत उभं करण्याआधी एवढं सांगावं, डबे वरच खाऊन घ्यावेत आणि मग त्यांना खाली न्यावं. चढताना पोरं दमतील. दमू देत.

तुझा,
एक वऱ्हाडी