बाहेरची मदत नाही

संसारात बापाला जे थोडे अधिकार शेवटपर्यंत उरतात, त्यांत ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार हा सर्वांत जुना होय. तो आम्ही आजवर पुष्कळदा बजावला, आणि त्याचा आम्हांस विशेष पश्चात्ताप झाला असेही नाही. परंतु गेल्या आषाढात आमच्या धाकट्या कन्येने एक परवानगी मागितली. आम्ही रीतीप्रमाणे ‘नाही’ म्हणालो, आणि तो शब्द पुढे कोजागिरीपर्यंत आमच्या घशात अडकून बसला. त्याचीच ही हकीगत.

आषाढात नाशिकास पावसाची झड लागली की सायंकाळी घराबाहेर पडणे होत नाही. त्याच सुमारास तिकडे फ्रान्सात ‘टूर द फ्रान्स’ ही सायकलींची मोठी शर्यत चालू असते. १९०३ साली एका वृत्तपत्राने आपला खप वाढावा म्हणून ती सुरू केली. ते पत्र पिवळ्या कागदावर निघे, म्हणून आघाडीवरील स्वारास १९१९ पासून पिवळा सदरा देऊ लागले. तीन आठवड्यांत एकवीस टप्पे होतात. कन्या ते सारे चित्रवाणीवर एकाग्रपणे पाही, व आम्ही वर्तमानपत्राच्या आडून. खरे सांगावयाचे तर आमचे लक्ष शर्यतीपेक्षा त्या मुलखाकडेच अधिक असे. सावकाश चढणाऱ्या आणि तितक्याच सावकाश उतरणाऱ्या टेकड्या, सूर्यफुलांची शेते, द्राक्षवेलींच्या ओळी. आणि चढ संपला की प्रथम प्रार्थनामंदिराचा मनोरा दिसावा व मग त्याच्या पायाशी बिलगलेले लहानसे दगडी गाव!

“बाबा, हा आपला त्र्यंबकचाच रस्ता आहे की नाही?” कन्या एकदा म्हणाली. आम्ही हसलो. वाचकहो, मुलांच्या ज्या वाक्याला आपण हसतो, त्याच्याच पाठीमागे पुष्कळदा खरे मागणे दडलेले असते. दुसऱ्या दिवशी ते बाहेर आले. तिला दोनशे किलोमीटरांची ‘ब्रेव्हे’ करावयाची होती.

हा शब्दही फ्रेंच आहे. ब्रेव्हे ही शर्यत नव्हे. तीत पहिला नाही, शेवटचा नाही. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत पुरे करावयाचे, एवढेच. दोनशे किलोमीटरांस साडेतेरा तास, तीनशेस वीस, चारशेस सत्तावीस व सहाशेस चाळीस तास अशी मर्यादा असते. वाटेतील ठरावीक ठाण्यांवर आपण पोहोचल्याची नोंद करून घ्यावयाची. ह्या प्रकाराची गंगोत्री म्हणजे पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची बाराशे किलोमीटरांची स्वारी. ती प्रथम १८९१ साली झाली; म्हणजे त्या पिवळ्या सदऱ्याच्या शर्यतीहूनही ती बारा वर्षांनी वडील. ब्रेव्हेचा मुख्य नियम असा, की स्वाराने आपला भार आपणच वाहावा. दोन ठाण्यांच्या दरम्यान घरच्या माणसांनी मोटार घेऊन मागे येणे, खाणे पुरविणे, चाक बदलून देणे, हे सारे वर्ज्य. बाहेरची मदत नाही.

हाच नियम आम्हांस खुपला. मुलीने एकटीने महामार्गावर साडेतेरा तास काढावयाचे आणि बापाने मागून मोटारही नेऊ नये! आमची भीती अगदीच पोकळ होती असे कोणी म्हणू नये. फ्रान्सात सायकलस्वाराच्या बाजूने पुढे जाताना मोटारीने गावात एक मीटर व गावाबाहेर दीड मीटर अंतर सोडावे असा कायदा आहे. आपल्याकडे ते अंतर मालमोटार हाकणाऱ्याच्या मर्जीवर आणि आपल्या पूर्वसुकृतावर अवलंबून असते.

कन्येने दाखले काढले. नाशिकचेच डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४८०० किलोमीटरांची शर्यत जोडीने नऊ दिवसांच्या आत पुरी करून आले. पुढे २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने पार केली. “हे सगळे डॉक्टर आहेत,” आम्ही म्हणालो. “पडले तर स्वतःचे औषध स्वतः करतील.” वादात विनोद सुचला म्हणजे आपला पक्ष लंगडा आहे हे ओळखावे. परंतु ते त्या वेळी आमच्या ध्यानात आले नाही.

ह्या वादात आमची आई एक शब्दही बोलली नव्हती. तिचे वय पंच्याऐंशी. कानांनी थोडी मंद झाली असली, तरी घरात काय चालले आहे ते तिला बिनचूक कळते. एके रात्री आम्ही तिचे अंथरूण नीट करीत असता ती म्हणाली, “अरे, मलाही सायकल येत होती.”

आम्हांस वाटले, आपल्याच ऐकण्यात चूक झाली. साठ वर्षांत ही गोष्ट आम्ही कधी ऐकली नव्हती.

“गोल्फ क्लबच्या मैदानावर शिकले. तेरा-चौदा वर्षांची असेन. भावाची सायकल होती. आधी दांडीखालून पाय घालून, मग सीटवर बसून. पंधरा दिवस शिकले. सोळाव्या दिवशी काकांनी पाहिले.”

“मग? रागावले?”

“छे रे. रागावले नाहीत, मारले तर मुळीच नाही. ‘पडलीस तर काय घ्या,’ एवढेच म्हणाले. काळजीनेच म्हणाले बिचारे.” थोडा वेळ थांबून ती पुढे म्हणाली, “त्यांचे काही चुकले नाही. पण त्यानंतर मी सायकलीला हात लावला नाही, तो आजतागायत.”

तिने कूस बदलली. आम्ही दिवा मालवला. परंतु त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. काकांचे ते वाक्य आणि आमचे वाक्य ह्यांत साठ-सत्तर वर्षांचे अंतर होते, पण शब्दाचेही अंतर नव्हते.

सकाळी आम्ही कन्येशी तह केला. अगोदर आमच्यासह सराव करावयाचा, मग निर्णय. शेजारच्या चिरंजीवांची गिअरची सायकल आम्ही मागून आणली. बासष्टाव्या वर्षी पुन्हा पायडल मारताना पहिले चार दिवस आमच्या गुडघ्यांनी काय काय म्हटले, ते येथे सांगण्याजोगे नाही.

आरंभी आम्ही दिंडोरीच्या बाजूस जात असू. आश्विन लागला होता आणि द्राक्षबागांत गोडी छाटणीची घाई चालली होती. फ्रान्सात द्राक्षवेल वर्षातून एकदा छाटतात, व तिकडची तोडणी शरद ऋतूत होते. आपल्याकडे उन्हामुळे वेल झोपी जात नाही. म्हणून चैत्र-वैशाखाच्या सुमारास खरड छाटणी व आश्विनात गोडी छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात, आणि माल तयार होतो तो पौषापासून फाल्गुनापर्यंत. ह्या बागांवरून आम्ही जन्मभर मोटारीने गेलो. पण नुकत्याच छाटलेल्या काडीच्या टोकाशी पाण्याचा थेंब येतो, हे सायकलीवरूनच प्रथम पाहिले. पायी चालणाऱ्यास मुलूख थोडा दिसतो, मोटारीतल्यास तो दिसतच नाही. सायकलस्वारास मात्र तो पुरेसा दिसतो आणि पुरेसा उरतोही.

कोजागिरीनंतरच्या रविवारी मोठा सराव ठरला. नाशिकहून त्र्यंबकच्या वाटेने जावयाचे, तेथून पहिन्यावरून घोटीस उतरावयाचे व महामार्गाने घरी यावयाचे. सारे मिळून नव्वद किलोमीटरांच्या आसपास. पहाटे साडेपाचला निघालो. सातपूरचे कारखाने मागे पडले, बेळगाव ढगा, महिरावणी ही गावे गेली, आणि अंजनेरीचा डोंगर उजेडात येऊ लागला. रस्ता चढे आणि उतरे, पुन्हा चढे. प्रत्येक चढाच्या माथ्यावर आधी एखाद्या देवळाचा कळस दिसे, मग पार, मग गाव. आषाढात आपण हसलो होतो, हे तेव्हा आम्हांस आठवले. कन्येने मागे वळून पाहिले, पण ती काही बोलली नाही. हा तिचा मोठेपणा.

त्र्यंबकच्या अलीकडे डावीकडे वळलो. येथे द्राक्षे नाहीत. हा पावसाचा मुलूख, भाताचा आणि नागलीचा. खाचरांत भात पिवळा पडून वाकला होता. ह्याच डोंगरांतून निघालेली गोदावरी पूर्वेस १४६५ किलोमीटर चालत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते, आणि ह्याच डोंगरांतली वैतरणा पश्चिमेस वळून अरबी समुद्र गाठते. शाळेत आम्ही हे पाठ केले होते. पर्वताने दोन नद्यांची वाटणी केली म्हणजे नेमके काय केले, ते मात्र त्या चढाने मांड्यांना समजावून सांगितले.

पहिने मागे पडल्यावर कन्येच्या सायकलीचे मागचे चाक बसले. आम्ही तत्काळ उतरून बाह्या सारल्या. पंक्चर काढण्यात आमचा हात धरणारा आमच्या पिढीत कोणी नव्हता.

“बाबा, हात लावू नका,” ती शांतपणे म्हणाली. “नियम आहे.”

“अगं, आज कुठे ब्रेव्हे आहे?”

“आजच तर आहे.”

आम्ही मोरीच्या कठड्यावर जाऊन बसलो. तिने चाक काढले, टायर सोडविला, ट्यूब फुगवून गालाजवळ फिरविली. आम्हांस भोक कोठे आहे ते पाच पावलांवरून ऐकू येत होते. तिला ते सापडेना. दोनदा तोंड उघडले आणि दोनदा मिटले. आयुष्यात एवढे कठीण काम आम्ही क्वचितच केले असेल.

तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी बाई थांबली. तिने कन्येकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि विचारले, “तुमचीच का लेक?”

“हो.”

“मग तुम्ही बसून का?”

काय उत्तर द्यावे ते आम्हांस सुचेना. “ती हात लावू देत नाही,” आम्ही म्हणालो.

बाईने क्षणभर निरखून पाहिले. “तिला येतंय की,” ती म्हणाली, आणि भारा सावरून निघून गेली.

पंचवीस मिनिटे लागली. आम्हांस दहा लागली असती. पण त्या पंधरा मिनिटांच्या फरकातच मूल मोठे होते, आणि तीच पंधरा मिनिटे आपण आईबाप त्यांना देत नाही. काकांनीही आईला ती दिली नव्हती.

मार्गशीर्षातल्या ब्रेव्हेला ती पहाटे निघाली. चांदवडचा घाट ओलांडून मालेगावच्या दिशेने जावयाचे व परत यावयाचे होते. आम्ही मोटार काढली नाही. दिवसभर घरात आम्ही घड्याळाकडे व सौभाग्यवती आमच्याकडे पाहत होती. बारा तास उलटून गेले तरी फोन नाही. आई देवघरासमोर खुर्ची टाकून बसली होती. जेवण्यास उठली नाही. अखेर फोन आला. तेरा तास सहा मिनिटे. चोवीस मिनिटे शिल्लक राहिली होती.

ती घरी आली तेव्हा चेहरा धुळीने माखला होता आणि डोळे हसत होते. आईने तिच्या हातचे ब्रेव्हेचे कार्ड घेतले, त्यावरचे शिक्के बोटांनी चाचपले आणि ते देवापुढे ठेवले. मग काठी टेकीत ओसरीवर गेली. सायकलीच्या हँडलवर हात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. आम्ही जवळ गेलो नाही.

“हिला घंटा नाही का रे?” तिने विचारले.

“आजकाल लावीत नाहीत, आई.”

“माझ्या भावाच्या सायकलीला होती,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन आम्ही एक पितळी घंटा आणली. ती बसविण्यापूर्वी मात्र कन्येची परवानगी घेतली.