पत्र्याच्या पेटीतल्या बाहुल्या

गेल्या बकरी ईदला आमच्याकडे सगळे जमले होते. पुरुष बैठकीत, आम्ही बायका आत. माझी आठ वर्षांची मुलगी चुलत बहिणींना घेऊन माळ्यावर चढली, तिथली पत्र्याची पेटी उघडली आणि एक बाहुली काखेत मारून थेट बैठकीत गेली. "बडे अब्बू, ये देखो, अम्मी की गुडिया! इसका घुटना भी मुड़ता है!"

जेठजींनी बाहुलीला हात लावला नाही. "ऐसी चीज घर में रखोगे तो फरिश्ते कैसे आएंगे?" एवढंच म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले. माझे मिस्टर दारातून माझ्याकडे पाहत राहिले. त्यांनाही ठाऊक नव्हतं. पेटीत अशा तीन बाहुल्या होत्या आणि मी त्या सहा वर्षं लपवून ठेवल्या होत्या.

पाहुणे गेल्यावर ते म्हणाले, "पगार तुझा आहे, हिशेब मी कधी विचारला नाही. पण माझ्याच घरात, माळ्यावर काय आहे ते मला सहा वर्षं माहीत नसावं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते शोधताना जे कळलं ते लिहिते आहे. काही बाहुल्यांबद्दल आहे, बरंचसं माझ्याबद्दल.

आधी या बाहुल्या काय असतात ते सांगते. त्यांना बॉल-जॉइंटेड डॉल म्हणतात, शौकीन लोक थोडक्यात बीजेडी म्हणतात. अंग पॉलियुरेथेन रेझिनचं, आतून पोकळ. खांदा, कोपर, मनगट, कंबर, गुडघा, घोटा अशा प्रत्येक सांध्यात एक गोळा आणि त्याला बसणारी खोबण. हे तुकडे जोडायला डिंक किंवा स्क्रू लागत नाही. अंगातून इलॅस्टिकची दोरी ओवलेली असते आणि तिच्या ताणावर बाहुली उभी राहते, बसते, मान वळवते. डोळे काढून दुसरे बसवता येतात, केसांचा टोप बदलता येतो, चेहऱ्याचा रंग पुसून नवा काढता येतो. जपानच्या क्योतोतल्या वोक्स कंपनीने 1999 मध्ये 'सुपर डॉल्फी' नावाची साधारण दोन फुटी बाहुली आणली आणि तिथून हा छंद पसरला. पुढे कोरिया आणि चीनमधले कारागीर त्यात उतरले.

सांधे असलेली बाहुली ही कल्पना मात्र फार जुनी आहे. रोममध्ये 1889 साली क्रेपेरिया त्रिफेना नावाच्या मुलीची दुसऱ्या शतकातली शवपेटी सापडली. तिच्याजवळ हातापायांना सांधे असलेली हस्तिदंती बाहुली होती. आपल्याकडे सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलावंत पिढ्यान्‌पिढ्या कळसूत्री बाहुल्या नाचवत आले आहेत. त्यांच्यापैकी परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हा हा प्रकार आपल्याला अगदी परका आहे असं नाही.

माझ्यापुरतं बोलायचं तर माझी पहिली बाहुली चिंधीची होती. नाना पिंजारी. दिवाळीनंतर थंडी पडायला लागली की ते धुनकी खांद्यावर टाकून साक्रीच्या गल्ल्यांतून फिरायचे. गाव तिला पिंजण म्हणायचं, आम्ही धुनकी. तिच्या तातेचा आवाज दोन गल्ल्यांपलीकडे जायचा आणि बायका जुन्या गाद्या बाहेर काढून ठेवायच्या. पिंजून उरलेला थोडा कापूस आणि सुरतेकडून येणाऱ्या कापडाच्या चिंध्या यांतून नानी मला गुडिया करून द्यायची. हात, पाय, वेणी, ओढणी, सगळं असायचं. डोळे मात्र ती काढायची नाही. विचारलं तर म्हणायची, "जान डालना हमारा काम नहीं." मग मी कोळशाने दोन ठिपके द्यायचे आणि नानी पाहिलं न पाहिल्यासारखं करायची.

लहानपणी शेजारी गुलाबाईही बसायची. संध्याकाळी गाणी झाली की खाऊ ओळखायला आम्ही सगळ्या मुली जमायचो, त्यात मीही असायचे. शेजारची गुलाबाई पाटावर बसायची, तिला कुणी उगाच हात लावायचं नाही. माझी गुडिया एका हाताला धरून धुळीतून फरफटत यायची, तिचं गुड्ड्याशी लग्न लागायचं, भांडणात तिचा पाय उसवायचा आणि रात्री नानी तो शिवायची. पूजा कशाची करायची आणि खेळायचं कशाशी, हा फरक गल्लीतल्या कुठल्याच पोरीला शिकवावा लागला नव्हता.

मोठेपणी हे सगळं मागे पडलं. 2019 मध्ये कुवेतला असलेल्या मामेभावाच्या फोनमध्ये मी या बाहुल्यांचे फोटो पाहिले आणि त्याला एक आणायला सांगितली. वीतभर उंचीची होती, 19 हजार रुपये पडले. ती मी लपवली. आता प्रामाणिकपणे सांगते, लपवताना दीन माझ्या डोक्यातही नव्हता. शाळेत शिकवणारी, पस्तिशीची बाई बाहुल्यांशी खेळते असं कुणी म्हणेल याची लाज होती आणि किमतीची भीती होती. 'घरात चालणार नाही, मजहबचा प्रश्न आहे' हे कारण मी नंतर स्वतःला दिलं, कारण ते जास्त शोभून दिसत होतं.

लपवण्याची पहिली किंमत पैशात मोजली. 2020 च्या फेब्रुवारीत खेळण्यांवरचं आयात शुल्क 20 वरून 60 टक्के झालं (2023 मध्ये ते 70 वर गेलं). त्यामुळे 'अस्सल, फक्त 9 हजार' अशी जाहिरात दिसली तेव्हा मी भुलले. आलेली बाहुली रीकास्ट निघाली. रीकास्ट म्हणजे कुणा कलाकाराने महिनोन्‌महिने घडवलेल्या बाहुलीवरून साचा काढून ओतलेली चोरटी नक्कल. जोडावरच्या रेघा तशाच राहिलेल्या, एक मनगट खोबणीत बसेना, सोबत कंपनीचं प्रमाणपत्र नाही. जाणत्या माणसाला आधी विचारलं असतं तर त्याने किमतीवरूनच सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे छंद उघड करायचा. तक्रारही केली नाही, पार्सल घरी परत न्यायला येणारा माणूस कुणी पाहिला तर, म्हणून.

त्या रात्री नाना आठवले. जुनी गादी पिंजायला घेताना ते आधी तिचा कापूस मालकिणीसमोर तोलायचे आणि भरण्याआधी पुन्हा तोलायचे. धूळ, सरकी, खराब कापूस किती निघाला ते दाखवायचे. जुना कापूस नवा म्हणून विकणारे त्या धंद्यात होते. नाना म्हणायचे, सूरह मुतफ्फिफीन मापात मारणाऱ्यांसाठी उतरली आहे, ती काय फक्त किराणावाल्यांनी वाचायची? माझ्या पेटीत आता दुसऱ्याच्या मेहनतीतून मारलेला माल होता आणि तो मी पैसे देऊन आणला होता. ती बाहुली मी विकली नाही. 'अस्सल' म्हणून विकणं खोटं झालं असतं आणि खरं सांगून विकलं तरी त्या मालाचा बाजार वाढलाच असता. तिच्यावर मी शिकले.

शिकण्यासारखं खूप होतं. इलॅस्टिक काही वर्षांत सैल पडतं, बाहुली मान टाकते, गुडघ्यात मोडते. मग ती पूर्ण सोडवून नवी दोरी ओवायची. तारेला आकडा करून दोरी ओढताना ती सुटली की बोटावर चाबकासारखी बसते. ताण कमी राहिला तर बाहुली उभी राहत नाही, जास्त झाला तर पाय झटकते आणि खोबणीच्या कडा झिजतात. नानांच्या तातेचंही असंच होतं. सैल तातेवर कापूस फुलत नाही, फार ताणली तर तुटते. किती ताण हवा ते नाना कधी बोलून सांगू शकले नाहीत, हाताला कळायचं. मला ते कळायला चार दोऱ्या वाया घालवाव्या लागल्या.

रेझिन उन्हात पिवळं पडतं, म्हणून आपल्या खान्देशी उन्हापासून ते दूर ठेवावं लागतं. खडबडीत कडा घासायच्या तर पाण्याखाली, तोंडावर मास्क बांधून, कारण ती बारीक भुकटी फुप्फुसांना वाईट. चेहरा रंगवायला पेस्टलचा चुरा वापरतात आणि तो पक्का व्हायला वरून स्प्रे मारतात. हवेत दमटपणा असेल तर स्प्रे पांढुरका होऊन चेहऱ्यावर धुकं धरतं. पावसाळ्यात हे काम करायचं नाही, हे मी एक चेहरा घालवून शिकले. पुन्हा मागवलेली बाहुली ऑर्डरनंतर घडवतात, त्यामुळे तीन-चार महिने वाट पाहायची. तिसऱ्या बाहुलीची मी अशी वाट पाहिली आणि तिचे 31 हजार मोजले.

ईदनंतर मी वही घेऊन बसले. बाहुल्या, डोळे, टोप, रंग, दोऱ्या मिळून 68 हजार. आकडा मिस्टरांसमोर ठेवताना मी म्हणाले, "याची किंमत वाढते, एक प्रकारची गुंतवणूकच आहे." ते हसले. "गुंतवणूक असेल, विकायच्या नियतीने घेतला असेल, तर तो व्यापाराचा माल. सहा वर्षांची जकात काढलीस?" घरच्या वापरातल्या वस्तूंवर जकात नाही. विक्रीसाठी घेतलेल्या मालावर अडीच टक्के आहे. मी विकण्यासाठी घेतल्याच नव्हत्या. मग ती गुंतवणूक नाही, खर्च आहे, आणि खर्च म्हटला की इसराफचा, उधळपट्टीचा प्रश्न आलाच. एका सवालात माझी पळवाट बंद झाली. आता ठरवलं आहे की चौथी बाहुली घ्यायची नाही आणि वर्षाला ठरावीक रकमेपेक्षा जास्त सामान घ्यायचं नाही. वही कपाटात सगळ्यांना दिसेल अशी असते.

राहिला जेठजींचा प्रश्न. तो मी टाळू शकत नव्हते, कारण ते मनचं बोलत नव्हते. तस्वीर असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत अशी हदीस सहीह बुखारीत आहे. पण त्याच बुखारीत हजरत आयेशा रजिअल्लाहु अन्हा सांगतात की त्या बाहुल्यांशी खेळायच्या. त्यांच्या मैत्रिणी खेळायला यायच्या, रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम घरात आले की त्या लपायच्या, आणि आप त्यांना पुन्हा खेळायला आयेशांकडे पाठवायचे. अबू दाऊदमध्ये आणखी एक प्रसंग आहे. वाऱ्याने पडदा हलला आणि मागच्या बाहुल्या दिसल्या, त्यांत चिंध्यांचे पंख लावलेला एक घोडा होता. घोड्याला पंख कसे, असं आपने विचारलं. आयेशा म्हणाल्या, हजरत सुलेमान यांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकलं नाही का? आणि आप मनापासून हसले.

हे वाचून मला आनंद झाला, पण मी तिथेच थांबले असते तर ते सोयीचं झालं असतं. अनेक फकीहांनी ही सूट मुलींच्या खेळण्यापुरती मानली आहे. मी मुलगी नाही, माझं वय 41 आहे. मी एका मौलाना साहेबांना विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, मुलांच्या बाहुल्यांना हरकत नाही. मोठ्या माणसाने शोभेसाठी काचेच्या कपाटात मांडून ठेवणं त्यांना पसंत नाही, त्यांच्या घरी ते ठेवणार नाहीत. मग थोडं थांबून विचारलं, "छुपाकर क्यों रखा था?" म्हणजे मिस्टरांचाच सवाल.

मी मैत्रिणींच्या लपण्याबद्दल पुन्हा वाचलं. त्या मुली लपल्या होत्या. त्यांना बाहेर बोलावलं गेलं. मला कुणी बोलावण्याआधी मी स्वतः बाहेर यायला हवं होतं. तिथे मत दिलं गेलं असतं, विरोध झाला असता, मर्यादा ठरली असती. पेटीत बंद असताना यातलं काहीच होऊ शकलं नाही आणि माझा छंद फक्त महागडा आणि भित्रा होत गेला.

आता बाहुल्या नमाजच्या खोलीत नाहीत, शोकेसमध्येही नाहीत. खालच्या कपाटात असतात. रविवारी मुलगी आणि गल्लीतल्या तिच्या मैत्रिणी त्यांच्यासाठी कपडे शिवतात. टीचभर सलवारीला आसन लावता आलं की मोठी सलवार सोपी जाते. नक्कल निघालेली बाहुली त्यांच्या स्वाधीन केली आहे, ती सगळ्यात जास्त खेळली जाते.

गेल्या महिन्यात जेठजी आले. हातात थैली, थैलीत त्यांच्या नातीची साधी प्लास्टिकची बाहुली आणि तिचा निखळलेला हात. "रो रही है दो दिन से. देखो, जुड़ता है क्या." मी गरम पाणी केलं, खांद्याचं भोक त्यात धरून मऊ होऊ दिलं आणि हात आत दाबला. दोन मिनिटांचं काम. त्यांनी हात दोनदा फिरवून पाहिला, बाहुली थैलीत ठेवली.

"मेरी राय वही है," चप्पल घालताना म्हणाले.

"जी भाईजान," मी म्हणाले, "चाय पीकर जाइए." ते बसले.