उसनी हाडं

रविवार. बाहेर इंग्लंडचा रिपरिप पाऊस. गॅरेजात मी आणि भंगारातून आणलेले फोर्ड सिएराचे पुढचे दोन स्टिअरिंग नकल, म्हणजे चाक धरणारे सांधे. सिएरात यांच्या भोकात मॅकफर्सन स्ट्रट बसायचा, स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला खांब. मी घरी बांधतोय त्या गाडीला वर-खाली विशबोन, म्हणजे त्रिकोणी हात. म्हणून त्या भोकात लेथवर कातलेला टोपीवाला तुकडा घालायचा, त्यावर वरचा बॉल जॉइंट. इथले हौशी त्याला मशरूम म्हणतात. मला शाळेच्या वाटेवरची कुत्र्याची छत्री आठवते.

आज तो बसला. आत बोट फिरवलं, तर जुन्या स्ट्रटचे ओरखडे लागले. हजारावर किलोची गाडी पेललेली ही हाडं. माझी जेमतेम सहाशेची. सिएराच्या स्प्रिंगा इथे नुसत्या ताठ राहिल्या असत्या. निवृत्तीनंतरचे बाबा तसेच होते, सकाळी नऊला बूट घालून बसायचे.

उजवीकडचा बोल्ट आवळला. डावा तसाच पडलाय.