आजीची पिशवी

आजीची पिशवी मांजरपाटाची होती. रविवारी तीत बायबल, ‘उपासना संगीत’ आणि रुमालाच्या गाठीत दानाचं नाणं असायचं. सोमवारी बायबल फळीवर जायचं आणि पिशवीत भाकरी, गुळाचा खडा, कुणाच्या तरी पोराची फुटकी पाटी. आजी बायबलबाई, नगरकडच्या वाड्यावस्त्या पायी फिरायची. बाळंतिणीपाशी बसली की शास्त्र वाचायची वेळ बहुधा यायचीच नाही, कारण आधी पाणी तापवायचं असायचं.

आमच्याकडे मिशन म्हणजे जागा. मिशनची विहीर, मिशनची चिंच. 1994 साली नोकरीसाठी बंगळूरला आलो, तर कंपनीच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत ‘आमचं मिशन’ टांगलेलं. विहिरीचा पत्ता नव्हता.

रविवारी मी सेंट मार्क्स कॅथेड्रलला जाऊ लागलो. 1808 साली पाया घातलेलं, मद्रासच्या लष्करासाठी बांधलेलं देऊळ. उपासना इंग्रजीत. ती आटोपली की जवळच्याच कोशीजमध्ये कॉफी. पुढली बारा वर्षं माझं ख्रिस्तीपण त्या कॉफीच्या बिलापाशी संपत होतं, आणि मला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं. आजी गेल्यावर वाट्याला आलेल्या पिशवीत मी विजेची बिलं ठेवायचो.

एकदा सहकाऱ्याच्या वडिलांना घेऊन किदवई कर्करोग रुग्णालयात गेलो होतो. फोनवर बहिणीशी बोलत असताना मागून कुणी बाही ओढली. “तुमी मराठी व्हय? ही लायन कशाची म्हनायची?” बाई निपाणीच्या. जन्म तंबाखूच्या वखारीत गेलेला, आता नवऱ्याच्या जबड्यात गाठ. दोन तास त्या भलत्याच रांगेत उभ्या होत्या.

तेव्हापासून गुरुवार तिकडचा. फार काही करत नाही. कन्नड पाट्या वाचतो, फॉर्म भरतो, झेरॉक्स आणतो. नीट गिळता न येणाऱ्यांसाठी डब्यात मऊ दहीभात नेतो. माझं कन्नड दिव्य आहे. काउंटरवरचे लोक हसतात आणि हसता हसता काम करून देतात. बिलं खणात गेली, पिशवी पुन्हा बाहेर पडली.

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत टिळक गेले. आजीचे वडील त्या दरबारावर पुढे कितीतरी वर्षं कुरकुरत, असं ती सांगायची. बाप्तिस्म्यावाचून ख्रिस्ताचा शिष्य कसला? आजीचं मत विचारलं की तिला नेमकं चुलीवर काहीतरी आठवायचं.

निपाणीच्या बाईंनी एका गुरुवारी विचारलं, “तुमी कुठल्या संस्थेचं?”

“कुठल्याच नाही.”

“मग येताय कशाला?”

मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात त्यांच्या नवऱ्याचा नंबर पुकारला. उठता उठता त्यांनी कनवटीची कागदाची पुडी काढली आणि माझ्या पिशवीत कोंबली. “जोतिबाचा गुलाल हाय. असू द्या, दादा.”

पुडी सुटल्याचं रविवारी कळलं. देवळात बायबल उघडलं तर पानांच्या कडा गुलाबी, आणि शेजारच्या आजोबांच्या पांढऱ्या बाहीवर माझी पाच बोटं.