पॉलिशचा वास

माझ्या लहानपणी संध्याकाळी जिन्यात स्पिरिटचा वास आला की आई स्टोव्हवर चहाचे आधण ठेवीत असे. वडील दारात येऊन चपला काढीपर्यंत चहा तयार असे. पुण्यातील भवानी पेठेत, लाकूडबाजाराजवळ, ते फर्निचरला पॉलिश करण्याचे काम करीत. त्यांच्या सदऱ्याला, केसांना, अगदी रविवारी बोटांनाही तो वास असे. आम्हा भावंडांना तो वडिलांचाच वास वाटे. त्यात भिण्यासारखे काही असेल, असे घरात कोणाच्या मनातही आले नाही.

पंधराव्या वर्षी मी त्यांच्या हाताखाली लागलो. पहिले वर्ष नुसते घासण्यात गेले. आधी ८० नंबरचा काचकागद, मग १२०, १८० आणि शेवटी ३२०. हात नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवा हात गेला की वडील म्हणत, "पॉलिशने दोष झाकत नाही रे, उठून दिसतो." त्यानंतर चपडा भिजवायला शिकलो. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर लाखेचे किडे वाढतात. त्यांनी स्रवलेली राळ गाळून तिचे पातळ पापुद्रे करतात, तो चपडा. एक लिटर स्पिरिटमध्ये साधारण दीडशे ग्रॅम चपडा रात्रभर ठेवायचा, सकाळी गाळायचा, आणि कापसाचा गोळा मलमलीत गुंडाळून त्याने हात फिरवायचा. एक हात, वाळण्याची वाट, पुन्हा एक हात. एका कपाटाला आठ-दहा दिवस सहज लागत.

पुढे गिऱ्हाइकांना आठ दिवस थांबवेना. लॅकर आले, मेलामाइन आले, मग पीयू आले. दोन डब्यांतील द्रव मिसळायचे, थिनर घालायचे आणि यंत्राने फवारायचे. दोन दिवसांत काचेसारखी चकाकी. मी ते काम उत्साहाने शिकलो. इंटिरिअरचे ठेकेदार बोलावू लागले, हाती पैसा खेळू लागला. ओल्या थरावर धूळ बसू नये म्हणून आम्ही खोलीच्या खिडक्या बंद करीत असू आणि तोंडाला रुमाल बांधीत असू. लाकडावर धुळीचा एक कण पडू नये याची जेवढी काळजी आम्ही घेतली, तेवढी स्वतःच्या छातीची घेतली नाही.

चव्वेचाळिसाव्या वर्षी खोकला सुरू झाला. रात्री झोपेतून उठून बसावे लागे, छातीत शिट्टी वाजे. पुण्याची हवा, ऋतुबदल, पित्त अशी नाना कारणे पुढे आली. दोन वर्षे मी खोकल्याची औषधे प्यालो. मग एका डॉक्टरांनी, मला आधी कोणीच न विचारलेला प्रश्न विचारला : "काम काय करता?" आणि त्यावर दुसरा : "गावी गेल्यावर कसे वाटते?"

मी थबकलो. गणपतीला आम्ही कोकणात आठ-दहा दिवस जातो. तिथे पावसाळी दमट हवा, चुलीचा धूर. तरीही चौथ्या-पाचव्या दिवसापासून मी रात्रभर शांत झोपत असे. हे मला ठाऊक होते, पण त्याचा अर्थ मी कधी लावला नव्हता.

डॉक्टरांनी श्वासाची तपासणी केली आणि फुंकर मोजण्याचे एक लहानसे उपकरण देऊन चार आठवडे रोज आकडे लिहायला सांगितले. माझ्या मुलीने वहीत तक्ता आखला. सुट्टीच्या दिवशी आकडा चारशेच्या आसपास, फवारणीच्या दिवशी संध्याकाळी तीनशेच्याही खाली. महिनाअखेर तिने वही माझ्यापुढे ठेवली आणि एवढेच म्हणाली, "बाबा, तुम्हीच वाचा."

तो दमा माझ्या कामातून आलेला होता. पीयूच्या दुसऱ्या डब्यात, म्हणजे हार्डनरमध्ये, आयसोसायनेट नावाची रसायने असतात. काहींच्या शरीराला त्यांचे वावडे निर्माण होते, आणि एकदा ते झाले की पुढे अगदी थोडी मात्राही दम लागायला पुरते. येथे वासावर विसंबून चालत नाही. वास जाणवण्याइतके प्रमाण होण्याआधीच ते अपायकारक ठरू शकते. रुमालाने वाफ अडत नाही. धुळीसाठीचा चांगला मास्क धूळ अडवतो, वाफ नव्हे. थिनरच्या वाफेसाठी कोळशाच्या गाळणीचा मास्क लागतो. पीयूच्या फवारणीसाठी तर बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारी व्यवस्था हवी. लाकडाची धूळही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच तिचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींमध्ये केला आहे. धोका मुख्यतः नाकाच्या पोकळीला.

हे ऐकताना मला वडील आठवले. त्यांचा खोकला आम्ही आयुष्यभर विडीच्या खात्यावर मांडला. विडी ते ओढत होतेच. पण चाळीस वर्षांची धूळही होती. आता तो हिशेब वेगळा करता येणार नाही.

मी फवारणी सोडली. ते सोपे नव्हते. कमाई जवळजवळ निम्म्यावर आली, मुलीचे शिक्षण चालू होते. ठेकेदार म्हणाले, "मिस्त्री घाबरला." ते खोटे नव्हते. मी पुन्हा चपड्याकडे आणि जुन्या फर्निचरकडे वळलो. डॉक्टरांनी दिलेला इन्हेलर नियमाने घेऊ लागलो. दमा गेला नाही, पण रात्री परत मिळाल्या.

गेल्या वर्षी एक आजी जुना पाळणा घेऊन आल्या. नातसुनेला दिवस गेलेले, महिन्याभरात बाळ येणार. पाळण्यावर हिरव्या, पांढऱ्या तैलरंगाचे चार थर होते. "आठवड्यात चकचकीत करून द्या," त्या म्हणाल्या. मी तीन आठवडे मागितले. त्या नाराज झाल्या, तेव्हा मी त्यांना समोर बसवून सांगितले. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते. तो रंग कोरडा घासला तर त्याची धूळ घरभर होते, आणि तसाच ठेवला तर दात येऊ लागलेले बाळ पाळण्याचा कठडा चावते. शिशाने लहान मुलाच्या मेंदूच्या वाढीला अपाय होतो. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "घ्या तीन आठवडे."

मी खाली प्लास्टिक अंथरून, मास्क लावून, पाण्याने भिजवत भिजवत तो रंग काढला. पोपडे ओले असतानाच गोळा करून पिशवीत बांधले. खालून सागवान निघाले. त्यावर चपड्याचे पातळ हात दिले आणि आठवडाभर उघड्यावर वाळू दिले. चपड्यावर गरम कप ठेवला तर पांढरा डाग पडतो, हा त्याचा दोष. पण पाळण्यावर कोण कप ठेवणार?

वाचकांना माझे सांगणे थोडके आहे. घरात पॉलिशचे काम निघाले तर बाळ, गर्भवती, वृद्ध आणि दम्याचे रुग्ण यांची सोय काही दिवस अन्यत्र करा. खिडक्या उघड्या ठेवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत त्या खोलीत झोपू नका. स्पिरिट-थिनरजवळ दिवा, उदबत्ती, गॅस नको. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेट घेतात; पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा. आणि कारागिराला घाई करू नका. तुमच्या दोन दिवसांच्या घाईची किंमत तो श्वासाने मोजतो. तो तोंडाला रुमाल बांधून काम करताना दिसला, तर योग्य मास्कची चौकशी करा.

पाळणा न्यायला आलेल्या आजींनी कठड्याला नाक लावले. "वासच येत नाही की!" त्या म्हणाल्या. मला मिळालेल्या मजुरीपेक्षा ते वाक्य मोठे वाटले.

हल्ली मी कामाचे कपडे कारखान्यातच बदलतो, हातपाय धुऊन घरी येतो. जिन्यात वास येत नाही, त्यामुळे मी आल्याचे बायकोला कळत नाही. बेल वाजल्यावर ती आधण ठेवते. चहाला थोडा उशीर होतो.