खजिना जागच्या जागी

मे महिन्याची सुट्टी लागली की मुलांचे करायचे काय, हा प्रश्न आम्हां नोकरदारांच्या घरात दरवर्षी उभा राहतो. शिबिरे परवडत नाहीत आणि मोबाईल हातातून सुटत नाही. गेल्या सुट्टीत आम्ही वसाहतीतील काही पालकांनी ठरविले की, मोबाईल हिसकावून न घेता त्याच्यासकट मुलांना घराबाहेर काढायचे. त्यासाठी निवडलेल्या खेळाचे नाव जिओकॅशिंग.

हा खेळ अमेरिकेतला. उपग्रहांवरून जागा दाखविणारी जीपीएस यंत्रणा तेथील सरकारची. सामान्यांना ती मुद्दाम शंभर मीटरपर्यंतच्या फरकाने जागा दाखवीत असे. २ मे २००० रोजी हा मुद्दामचा फरक बंद झाला. दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉन राज्यात बीव्हरक्रीकजवळ डेव्ह उल्मर यांनी वस्तूंनी भरलेली एक बादली रानात ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. सापडेल त्याने काही घ्यावे, काही ठेवावे आणि वहीत नोंद करावी, एवढीच अट. आज असे लाखो डबे जगभर आहेत.

त्यात कोड्यांचा एक प्रकार आहे. जाहीर केलेली जागा खरी नसतेच. कोडे सोडवाल तेव्हा खरे अंक हाती येतात. अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जेमतेम दोन मीटर. पण दशांशानंतरचा पहिलाच अंक एकाने चुकला तर माणूस जवळजवळ दोनशे मीटर भरकटतो. म्हणून कोडे घालणारे पुष्कळदा साऱ्या अंकांची बेरीज आधीच सांगून ठेवतात. आम्हां कारकुनांच्या भाषेत ताळा!

आम्ही आमच्याच परिसरातून अंक काढले. पाण्याच्या टाकीचे खांब किती, टपालपेटीवर वेळ कोणती, ग्रंथालयाच्या पायऱ्या किती. डबा ठेवायचा होता जवळच्या सार्वजनिक बागेत. पण पाहणीला गेलेल्या मुलांना रखवालदाराने हुसकावले. झुडपांत काय शोधता, म्हणून दरडावले. त्याचा संशय अगदीच अनाठायी नव्हे. इंग्लंडात वेदरबी येथे २०११ साली असा एक डबा बॉम्ब समजून उडविण्यात आला होता. जागामालकाची परवानगी घ्यावी, डबा जमिनीत पुरू नये, त्यात खाद्यपदार्थ ठेवू नयेत, हे या खेळाचे नियमच आहेत. आम्ही रीतसर अर्ज केला. विषय : बागेत डबा ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत. साहेबांनी विचारले, "खजिन्याची किंमत काय?" आम्ही म्हणालो, "पेन्सिली, गोट्या, एक वही आणि एक डबा." साहेब हसले आणि सही केली. पुढे तोच रखवालदार डब्यावर लक्ष ठेवू लागला.

दुसरी अडचण घरातली. पोरी रस्त्याने हिंडणार, लोक काय म्हणतील, म्हणून दोन घरांतून नकार आला. तेव्हा आम्ही नियम केला की, प्रत्येक गटात एक आई हवीच. मग मुलीही आल्या.

एका गटाने ग्रंथालयाच्या पायऱ्या २१ मोजल्या. ताळा काही जमेना. दहावीची मुले पुन्हा पुन्हा बेरजा करू लागली. त्या गटातील ताई त्याच ग्रंथालयात झाडलोट करतात. त्या म्हणाल्या, "बावीस हायेत. तळाची एक मातीत गेलीय, दिसत न्हाई." मुलांनी माती उकरली. पायरी होती! ताळा जमला आणि तो गट सर्वांच्या आधी डब्यापाशी पोहोचला. वहीत पहिले नाव मुलांनी त्या ताईंचे लिहिले.

खजिना म्हटला की तो लुटून न्यायचा, अशीच आपली समजूत. येथे उलट आहे. एक वस्तू घ्याल तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची आणि डबा पुढच्यासाठी जागच्या जागी बंद करायचा. महिनाभर टिकणार नाही, असे शेजारी म्हणत होते. पावसाळ्याआधी आम्ही तो काढला तेव्हा गोट्या संपल्या होत्या; पण एक शिट्टी, दोन खोडरबर आणि कागदाची होडी वाढली होती. वहीत आमच्या ओळखीची नसलेली अकरा नावे होती.

वाचकहो, खर्च शंभर रुपयांच्या आत आहे. येत्या सुट्टीत आपल्या वस्तीत हा खेळ अवश्य करून पाहावा. मात्र कोडी घालण्यापूर्वी पायऱ्या रोज झाडणाऱ्यांना विचारावे. परिसराची खरी मोजमापे त्यांच्याकडे असतात.