मुलामा नसलेली

1957 ची शेव्हरोले बेल एअर समोरून येताना नजरेत भरते ती तिची सोनेरी जाळी आणि भरदार बंपर. शेजारून निघून जाते तेव्हा मात्र डोळा धरून ठेवते ती कुशीवरची पट्टी. पुढच्या फेंडरवर ही पट्टी बारीक सुरू होते, दारावरून सरकत जाते आणि मागे तिला फाटा फुटतो. एक शाखा वरून जाते, एक खालून, आणि दोघींच्या बेचक्यात बारीक खाचांचा रुपेरी अल्युमिनियमचा पत्रा बसलेला असतो. लांबून ती एकसंध दिसते, पण असते तुकड्यातुकड्यांची: फेंडरचा वेगळा, दाराचा वेगळा, मागचा वेगळा. जाडी मिलिमीटरहूनही कमी. ती उतरवून ठेवली की दोनशे इंच लांबीची ती गाडी एकदम सुजल्यासारखी दिसायला लागते. रंगाच्या एवढ्या मोठ्या पसाऱ्याला वळण लावायचं काम ही एवढीशी पट्टी करते.

जुन्या गाडीवर जे जे चकाकतं त्याला आपण सरसकट क्रोम म्हणून मोकळे होतो. हा पट्टीवर अन्याय आहे. बंपर क्रोमचा, म्हणजे आत साधं पोलाद, त्यावर निकेल, आणि सगळ्यात वर क्रोमियमचा असा थर की त्याची जाडी मायक्रॉनच्याही आत. दाराची मूठ, बॉनेटवरची टोकदार गोळ्यांसारखी नक्षी ही ओतीव धातूची, त्यांनाही वरून मुलामा. पट्टीला मुलामा नाही. ती स्टेनलेस आहे, आरपार एकच. कुठेही कापा, आत तीच निघेल. तिच्या पोलादात सुमारे 17 टक्के क्रोमियम मिसळलेलं असतं, आणि त्याची हवेशी गाठ पडली की पृष्ठभागावर ऑक्साइडचं डोळ्याला न दिसणारं कातडं धरतं. ओरखडा उठला तर तिथे ते पुन्हा धरतं. बंपरचा थर एकदा फुटला की खालून गंज फुगत येतो आणि मग सगळा बंपर खरवडून नव्याने मुलामा द्यावा लागतो. पट्टीला असलं काही लागत नाही. साठ-सत्तर वर्षं तिने जे सोसलं ते सगळं तिच्या स्वतःच्या अंगावर असतं, आणि तिला पुन्हा उजळ करायचं तर त्याच अंगातून करावं लागतं. म्हणूनच गाडीच्या सगळ्या भागांत मला ही सर्वांत जवळची वाटते.

तिचं घराणं तसं तरुण. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये 1913 साली हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळीसाठी टिकाऊ पोलाद शोधत होता, त्यातून हे न गंजणारं पोलाद हाती लागलं. 1930 साली फोर्डच्या मॉडेल ए वर रेडिएटरचं कवच आणि दिव्यांची भांडी स्टेनलेसची आली. 1936 मध्ये फोर्ड आणि अ‍ॅलेगेनी स्टील या कंपनीने अख्ख्या स्टेनलेस अंगाच्या सहा मोटारी बनवल्या. तेवढा खर्च कुणाला झेपणार नव्हता, पण कडेच्या पट्ट्या, काचेभोवतीच्या चौकटी, चाकांच्या टोप्या या धातूने कायमच्या बळकावल्या. कोरियन युद्धाच्या काळात निकेल लष्कराकडे वळवलं गेलं आणि त्या दोन-तीन वर्षांतल्या अमेरिकन गाड्यांच्या क्रोमची दैना झाली. बिननिकेलच्या स्टेनलेसला याची झळ लागायचं कारण नव्हतं. या बिननिकेलच्या जातीला चुंबक चिकटतो, हे लक्षात ठेवलेलं बरं. चुंबक चिकटला म्हणून ‘हे काही खरं स्टेनलेस नाही’ असं ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. खरी ओळख रंगावरून पटते. क्रोम निळसर, थंड. स्टेनलेस किंचित करडं, उबेकडे झुकणारं. दोन्ही शेजारी ठेवून बघितलं की पुन्हा चुकायला होत नाही.

आता तिच्या दुखण्यांकडे. दगड उडून बसलेले बारीक पोचे, कुणीतरी शेजारची गाडी लावताना दार आपटल्याचा एखादा खोल पोचा, आणि काढताना झालेली इजा. ही शेवटची सर्वांत वाईट. मागच्या क्लिपा गंजून धरलेल्या असतात, कुणीतरी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटतो आणि पट्टी मधेच मुडपते. पोचा बाहेरून आत गेलेला असतो, तो आतून बाहेर काढायचा. चांगला कारागीर पट्टी उताणी धरतो, पाठीमागून बोथट पंचाने आणि हलक्या हातोडीने टक टक करत पोच्याच्या कडेकडून मध्याकडे येतो. घाई करून चालत नाही. स्टेनलेस ठोकलं की कडक होतं, आणि जास्त ठोकलं की पसरतं. पसरलेला धातू आत जायला जागा शोधतो, सापडली नाही की फुगतो. मग समोरच्या बाजूला मार्करची शाई फासायची आणि बारीक कानस अगदी अलगद फिरवायची. उंचवट्यावरची शाई जाते, खड्ड्यातली राहते. राहिली तिथे पुन्हा मागून एक टक. पुन्हा शाई, पुन्हा कानस. शाई सगळीकडून सारखी उडायला लागली की पोचा गेला. त्यानंतर पॉलिश पेपर, जाडापासून बारकापर्यंत पायरीपायरीने, प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीचे चरे पूर्ण जाईपर्यंत. बफ येतो तो सर्वांत शेवटी.

बफचं चाक मिनिटाला 3000 च्या वर फेरे घेतं. त्यावर कड चुकीच्या बाजूने टेकली तर चाक पट्टी हातातून ओढून घेतं, आणि काळजी घेऊन उठवलेली पट्टी क्षणात दुमडून जमिनीवर पडते. दाब जास्त झाला तर धातू तापतो. स्टेनलेस उष्णता चटकन पुढे पोचवत नाही, ती एकाच जागी साचते. मग पट्टी वेडीवाकडी होते, फारच तापली तर पिवळट-निळी झाक उमटते. म्हणजे बफवर उभा असलेला माणूस तिच्या जिवाशी खेळत असतो, आणि तो किती जाणता आहे हे पट्टी परत आल्यावर तिच्याच अंगावर वाचता येतं. वाचता आलं पाहिजे, कारण इथे फसगत फार सोपी आहे. चकाकी आणणं हे या कामातलं सर्वांत सोपं काम. वाकडीतिकडी, लाटालाटांची, धार गेलेली पट्टीसुद्धा दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली आरशासारखी लखलखते.

म्हणून ती लांब ट्यूबलाइटखाली बघावी. पट्टी डोळ्याच्या पातळीला धरायची, एक टोक गालाशी, दुसरं समोर, आणि ट्यूबचं प्रतिबिंब तिच्या लांबीवर पडू द्यायचं. मग ती हळूहळू गोल फिरवायची. पांढरी रेघ सरळ सरकत गेली तर पट्टी सरळ आहे. रेघ कुठे जाडावली, कुठे बारीक झाली, कुठे साप चालल्यासारखी वळली, तर तिथे पोचा पुरता निघालेला नाही, किंवा तो न काढता भोवतालचा धातू घासून खाली आणलाय. याची खात्री तिची पाठ करून देते. पाठीवर पंचाच्या बारीक खुणा असल्या तर वाईट वाटून घेऊ नये, त्या कष्टाच्या खुणा आहेत. आधी पोचा होता हे आपल्याला पक्कं ठाऊक असताना पाठ मात्र कोरी असेल, तर समोरचा सपाटपणा कानशीने आणि पेपरने आणलेला आहे. तिथे पट्टी पातळ झाली. आज दिसणार नाही, पण पुढच्या वेळी तिच्यात घासायला काही उरणार नाही. पॉलिशवाल्याला देताना पट्टीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत, असा माझा आग्रह आहे तो याचसाठी.

त्यानंतर थिनरचा बोळा. बफवर लावायच्या पॉलिशच्या वडीत मेण असतं, ते बारीक चऱ्यांत भरून बसतं आणि चरे लपतात. बोळा फिरवून पट्टी उन्हात न्यायची. ऊन भीडभाड ठेवत नाही. आडवेतिडवे केसाएवढे चरे दिसले तर पेपरची एखादी पायरी गाळली गेली आहे, आणि वरचा बफ फक्त त्यावर पांघरूण घालून गेला आहे. वर्तमानपत्राची घडी तिच्याजवळ धरून बघावी. पट्टीला बाक असल्याने प्रतिबिंबातली अक्षरं दबतील, ओढली जातील, ते चालतं. त्यांच्या कडा मात्र रेखीव हव्यात. कडा धुरकट असतील तर शेवटचा हात नीट फिरलेला नाही.

आणि आता धार. याबाबतीत मी अजिबात सूट द्यायला तयार नाही. पट्टीच्या मधोमध कधी एक उभी कडा असते, कडेला एक पायरी असते, दोन तुकडे भेटतात तिथे टोकं एका कोनात कापलेली असतात. कारखान्यातल्या साच्याने दिलेली ही रेषा म्हणजे तिचा चेहरा. मऊ कापडी बफ कडेवर फार वेळ राहिला की ती रेषा साबणाच्या वडीसारखी झिजून गोल होते. पट्टी चकाकते, पण तिचे नाक-डोळे पुसले गेलेले असतात. पोचा परत काढता येतो, चरे परत घासता येतात. गेलेली धार कुणालाच परत आणता येत नाही. कमी चकाकीची पण धार शाबूत असलेली पट्टी मी केव्हाही निवडीन.

लखलखाटाच्या हौसेला आणखी एक मर्यादा आहे. नवी असताना बेल एअरची पट्टी आरसा नव्हती. चकचकीत लाटलेल्या पट्टीतून ती साच्यात ठोकली जायची, वरून थोडा हात फिरायचा, आणि ती गाडीवर चढायची. आज होणारं पॉलिश बहुतेक वेळा कारखान्याच्या पुढे जातं. 1935 मध्ये स्थापन झालेल्या अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिकाच्या परीक्षणाचा दंडकच असा आहे की गाडी विक्रेत्याकडून नवी बाहेर पडताना जशी असती तशी हवी. त्याहून जास्त सजवल्याचे जादा गुण नाहीत. नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीतले जाणकारही मूळ कारखानी पोत शोधत असतात. मला हा दंडक योग्य वाटतो. बेचक्यातला तो रुपेरी अल्युमिनियमचा पत्रा ही याची उत्तम परीक्षा. त्याच्यावर अ‍ॅनोडायझिंगचा थर असतो, आणि त्याचा मंद पोत हेच त्याचं काम, कारण त्या मंदपणापुढे पट्टी उठून दिसते. हौसेने तोही बफवर चढवला तर थर जातो, खाचा बुजतात, आणि मग दोघंही एकमेकांना खाऊन टाकतात. पट्ट्या सुरेख झाल्या असूनही हा पत्रा आरशासारखा दिसला, तर काम करणाऱ्याला गाडी कळलेली नाही असं मी खुशाल समजतो.

काही दुर्गुण आठवड्याभरात उघड होत नाहीत. ज्या बफवर काल साधं लोखंड घासलं त्याच बफवर आज स्टेनलेस घासलं, तर लोखंडाचे सूक्ष्म कण तिच्या अंगात रुततात. पावसाळा लागला की त्या कणांना तांबूस ठिपके येतात आणि मालक धातूला दोष देतो. तारेच्या ब्रशने किंवा लोखंडी काथ्याने घासल्यानेही हेच होतं. स्टेनलेससाठी बफ वेगळे ठेवता का, हा प्रश्न पॉलिशवाल्याला सरळ विचारावा. जाणता माणूस रागावत नाही, उलट चाकं दाखवतो.

आपल्याकडे या पट्टीची जपणूक जास्तच महत्त्वाची आहे. शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना 1928 पासून 1954 पर्यंत चालला, तिथून शेव्हरोले बाहेर पडल्या. कुर्ल्याला प्रीमियरने 1947 पासून डॉज, प्लिमथ, डिसोटो जुळवल्या. त्यातल्या ज्या वाचल्या त्यांच्या कुशीवर अजून त्या पट्ट्या आहेत. 57 च्या बेल एअरसाठी अमेरिकेत नव्याने घडवलेल्या पट्ट्या विकत मिळतात. एखाद्या चार दारांच्या डिसोटोच्या मागच्या दाराची डावी पट्टी कोण घडवणार? आपल्या हातात आहे ती एकुलती एक. तिच्यावरचा प्रत्येक बफ तिच्या आयुष्यातून थोडा धातू घेऊन जातो, हे मनात धरूनच तिला कामाला द्यायचं.

देताना सगळा गठ्ठा एकदम देऊ नये. फुटावर दर ठरवणारे बरेच असतात, आणि फुटावरच्या दरात पोच्यावर वेळ घालवणं कुणालाच परवडत नाही. पोच्यांचे पैसे वेगळे द्यावेत आणि तसं आधी सांगावं. पहिल्यांदा दाराचा एकच तुकडा द्यावा, ज्यात एक बरा मोठा पोचा आहे आणि एक धारदार कडा आहे. तो परत आला की पॉलिश न केलेल्या फेंडरच्या तुकड्याला गाडीवरच टोकाला टोक लावून बघायचं. रंगात फरक दिसेल, तो दिसणारच. रेषा मात्र फेंडरवरून दारावर न अडखळता गेली पाहिजे, कडेला कड मिळाली पाहिजे, आणि दार उघडून पुन्हा लावलं की दोन तुकड्यांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी राहिली पाहिजे. एवढं जुळलं तर बाकीचा गठ्ठा त्याच माणसाकडे न्यावा, आणि त्याने मागितलेल्या पैशांत घासाघीस करू नये.